हळदीचा बेंजो कॅसेटवर

माझ्या नाकावर राग आहे, हे आमच्या जोहे गावात कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. गणपतीच्या कारखान्यात मी मूर्ती घासून गुळगुळीत करायचो आणि लग्नाचा हंगाम आला की हळदींना ढोलकी वाजवायचो. आमची बेंजो पार्टी पेण तालुक्यात नावाजलेली होती. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं दाबत तारा छेडायचं वाद्य. ते कासू गावचा काका वाजवायचा. काका माझ्या नात्यातला नव्हे, पण सगळी पार्टी त्याला काकाच म्हणे. दिवसा मिठागरात राबायचा, संध्याकाळी मांडवात बसायचा. एकदा सुरू झाला की एका गाण्यातून दुसऱ्यात, तिथून कुठेतरी भलतीकडेच, आणि तासाभराने परत पहिल्या गाण्याच्या दारात. पुढे काय येणार हे त्यालाही ठाऊक नसायचं. त्याची हनुवटी वळेल तिकडे आम्ही जायचो.

ही पार्टी मी मोडली. नव्वद सालच्या सुमाराला सगळीकडे कीबोर्ड आले होते आणि मला त्याचं वेड लागलं होतं. काका ऐकेना. एका हळदीत माझं तोंड सुटलं. भरमांडवात म्हणालो, "काका, तुझा बेंजो आता कुणाला ऐकू येत नाय." काकाने बेंजो गुंडाळला आणि चालू लागला. ताशा वाजवणारा आमचा चाचा पुढच्याच महिन्यात सौदीला गेला. बाकीचे कंपनीत शिफ्टला लागले. मी कीबोर्डवाला घेऊन दोन वर्षं फिरलो आणि तोंडघशी पडलो. तोवर लोक हळदीला कॅसेटच लावू लागले होते.

सहा वर्षांनी चाचा परत आला. आल्या आल्या त्याने मला पेणच्या स्टँडवर गाठलं.

"सौदीत रोज तुला शिव्या दिल्या," तो म्हणाला. "लोकांना कॅसेट पायजे ना? मग आपली कॅसेट काढू. पण काकाशिवाय नाय."

दिवाळीनंतर आम्ही दोघं कासूला गेलो. काका अंगणात बसला होता. मिठाने त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. माफी मागायची म्हणून मी वाटभर शब्द जुळवले होते, दारात एकही आठवेना. बोलला तो चाचाच. काकाने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "एकदा येतो. माझं वाजवणं मांडवात होतं तसंच टेपवर उतरलं, तर हळदीला पण येईन. नाय उतरलं, तर परत या दारात यायचं नाय."

मी त्या दिवशी ठरवलं की उतरवायचंच. महिनाभर रोज कारखान्यातून सुटलो की एसटीने पेण, पेणहून गाडीने कासू. काकाने नव्या तारा चढवल्या. पहिल्या आठवड्यात त्याची बोटं फुटून रक्त आलं. मी राहू दे म्हटलं, तर म्हणाला, "गप वाजव." मीही हट्टाला पेटलो होतो. एक दिवस चुकवला नाही.

रेकॉर्डिंग रोह्याला होतं. एका घराच्या मागच्या खोलीत गोणपाट ठोकून स्टुडिओ केला होता. रेकॉर्डिंगवाला भला माणूस. त्याने सांगितलं, कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं. एकोणतिसाव्या मिनिटाला तो काचेतून हात करील, तेव्हा आम्ही थांबायचं.

आम्ही सुरू केलं. त्याने हात केला. आम्ही वाजवतच राहिलो. त्याने दोन्ही हात हलवले. काकाला वाटलं, माणूस खूश झाला. टेप संपली तरी आम्ही जोरात.

आता यात आमचा वेडेपणा नव्हता, रीत होती. आमच्याकडे हळदीला वाजवणारा आपणहून थांबत नाही. त्या घरातली सगळ्यात वडीलधारी बाई येते, बेंजोवर हात ठेवते, तेव्हाच वाजवणं थांबतं. त्याआधी थांबलं तर घराचा अपमान. इतकी वर्षं वाजवलं, पण गाणं संपवायचं कसं हे आम्हाला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

ते आम्ही त्या खोलीत शिकू पाहिलं. तीन मोजून थांबायचं ठरलं. मी थांबलो, चाचाचा ताशा चार काठ्या पुढे गेला, काका तर थांबलाच नाही. पुन्हा केलं, तर चाचा आधीच थांबला आणि मला हसू फुटलं. काकाने माझ्याकडे असं बघितलं की ते जागच्या जागी विरलं.

"असू दे," रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "शेवटी मी आवाज हळूहळू बारीक करून टाकतो."

"म्हणजे आम्ही चोरासारखे सटकलो असं वाटेल," काका म्हणाला. "नाय चालायचं."

दुपारच्या गाडीला दीड तास उरला होता आणि कोरी टेप एकच. हे हातचं गेलं की काका गेला, कायमचा. तेवढ्यात वरच्या मजल्यावर भांडी वाजली.

"वर कोण राहतं?" मी विचारलं.

"आई."

"तिला खाली बोलवा. घर तिचं हाय. तीच थांबवेल."

रेकॉर्डिंगवाल्याने डोक्याला हात लावला, पण गेला. म्हातारी पदराला हात पुसत आली. मी रीत सांगितली. "ठाऊक हाय मला, माझी पण हळद झालीय," ती म्हणाली आणि काकाच्या शेजारी जमिनीवर बसली. मुलाने काचेतून हात केला की बेंजोवर हात ठेवायचा, एवढंच तिचं काम.

मग काका जे वाजवायला लागला ते मी मांडवातही ऐकलं नव्हतं. हनुवटी एकसारखी वळत होती, मी आणि चाचा मागे धावत होतो. दोनदा वाटलं वाट चुकलो, दोनदा त्याने हात धरून आणावं तसं परत आणलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असल्या माणसाला मी भरमांडवात काय बोललो होतो!

काचेपलीकडे हात वर झाला. म्हातारीचे डोळे मिटलेले. रेकॉर्डिंगवाला काचेवर टकटक करू लागला. ती हलली नाही. खट् करून टेप संपली आणि तो दार उघडून आत आला. "संपलं. शेवट तुटला."

काकाचे हात खाली आले. त्याने बेंजो फडक्यात गुंडाळायला घेतला. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

म्हातारीने डोळे उघडले. "का थांबलात? मी हात ठेवला व्हता का?"

"आई, टेप संपली."

"तुझी टेप संपली. त्यांचं कुठं संपलंय?"

काकाने तिच्याकडे बघितलं. मग त्याने फडकं बाजूला सारलं. माझ्या तोंडून सहा वर्षं अडकलेलं बाहेर पडलं, "काका, मी चुकलो."

"ते मागाहून," काका म्हणाला. "आधी ढोलकी घे."

दुपारची गाडी गेली. टेप नाही, काही नाही, आम्ही तिच्यासाठी वाजवत राहिलो. चुलीवरचा भात लागल्याचा वास आला तेव्हा तिने हात ठेवला.

कॅसेट तशीच काढली, तुटलेल्या शेवटासकट. काकाचाच आग्रह होता. म्हणाला, "आपण थांबलो नाय, टेप थांबली. मांडवात होतं तसंच उतरलंय." लग्नाचा हंगाम सुरू झाला तशी लोकं पेणच्या दुकानात ती परत घेऊन येऊ लागली, ऐन रंगात आल्यावर बंद पडते म्हणून. दुकानदार त्यांना माझ्याकडे धाडायचा. मी एकही बदलून दिली नाही. मी म्हणायचो, कॅसेट चांगली हाय. पुढचं ऐकायचं असेल तर हळदीला बोलवा. काका येतो.