टाकीतली साखर

दुष्काळाच्या साली मी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहायला निघालो. अर्ज पाटोद्याला तीनच्या आत द्यायचा होता आणि वाटेतच माझी जुनी मोटार बंद पडली. चावी फिरवली की इंजिन नुसतं हलकं हलकं गरगरायचं, सुरू काही व्हायचं नाही.

संशय थेट विरोधातल्या चुलतभावावर. टाकीत साखर टाकली असणार! नळीने पेट्रोल ओढून चाखलंसुद्धा. गोड लागलं नाही, पण संशय काही फिटेना. तेवढ्यात त्याचाच पाण्याचा टँकर आला.

"बसा मालक, सोडतो पाटोद्याला," ड्रायव्हर म्हणाला.

हाही डावच! मी बसलो नाही. मिस्त्रीला निरोप मात्र त्याच्याच हाती दिला.

दीड तासाने मिस्त्री आला. इंजिनावरचं तेलाचं झाकण काढून त्याने मला चावी फिरवायला लावली आणि आत डोकावला. "वरची दांडी जागची हालंना. तिला फिरवणारा टायमिंग बेल्ट तुटलाय. दिवाळीला म्हणलो न्हवतो का, बदला म्हणून?"

म्हणाला होता. तेव्हा मी त्यालाच विचारलं होतं, "चांगला बेल्ट बदलायला तुला चुलतभावाने शिकवलं का बे?"

तीन वाजून गेले होते. चुलतभाऊ बिनविरोध निवडून आला. माझ्या तोंडाला मात्र दोन दिवस पेट्रोलचा वास येत होता.