झाकलेला कान

दुपारचं जेवून सोप्यात आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय तोच पायाशी कुणीतरी बसतं. बघायला नको. बसताना गुडघे असे वाजणारा माणूस या घरात एकच होता.

“आलात?” मी म्हणते. “वर्ष होत आलं. वाट चुकला व्हय?”

मालक हसतात. दौलू पैलवान मेला तरी हसणं अर्ध्या मिशीतलंच. कान दोन्ही तसेच, मातीत घासून मोडलेले, गोळा झालेले. त्या कानांकडं बघून परमुलखातली माणसंसुद्धा रामराम घालायची.

“वैजू कुठाय?”

बघा. पहिला शब्द नातीचा.

“आत. दार लावून आरशापुढं. महिना झाला, मातीत उतरली नाही.”

“हरली?”

“जिंकली. म्हणून तर पेपरवाले आले.”

मी पुरवणीचं पान पुढं करते, तर सोपा कुठंच नाही. चहूकडं पांढरं कापड, डोळ्यांवर फोटोवाल्यांचे दिवे. मधे आमची वैजू, नथ घातलेली, केस मोकळे. एक बाई तिच्या मोडक्या कानावर केस ओढून घेते. “एवढं झाकलं की गोड दिसतेस,” म्हणते. मी तिला चार शब्द सुनवायला जाते, पण तोंडातून आवाज फुटत नाही. जन्मात माझा आवाज कधी बसला नव्हता.

“काय लिहिलंय?” मालक विचारतात.

“मातीतली अप्सरा.”

“आणि डाव कुठला टाकला?”

“डावाचं एक अक्षर नाही. बोट लावून लावून वाचलंय मी. नाकाचं आहे, रंगाचं आहे, लग्न कधी तेही आहे.”

मालक आपल्या मोडक्या कानावर बोट फिरवतात.

“मैत्रिणी म्हणाल्या, ओळखू येत नाहीस, इतकी छान दिसतेस. तेव्हापासून कानावरचा केस हलू देत नाही. मला म्हणते, आजी, फोटोतली मीच खरी असते तर.”

दिवे जातात. आम्ही परसातल्या तालमीच्या दारात आहोत. मालक आत, मी उंबऱ्याबाहेर. जन्मभर इथूनच मातीत घालायला ताक दिलं. बाईनं आत यायचं नाही. नातीसाठी त्यांनी ही रीत मोडली, तेव्हाही मी बाहेरच.

“तुम्ही समजवा तिला.”

“मी मेलोय, सुगंधे.”

“मग आलात कशाला? नातीसाठीच ना. माझ्यासाठी नाही.”

“तू कधी हाक मारलीस?”

“मी का मारू?”

ते पुन्हा तसंच हसतात. “ये आत,” म्हणतात.

मी पाय टाकते. माती गार लागते, पीठ मळल्यासारखी मऊ. ते मूठभर उचलून माझ्या हातात देतात, वरून माझी बोटं मिटतात. त्यांचा हात ऊन आहे. मला बोलायचं असतं, कुस्तीचं नाही, दुसरंच.

पंखा कुरकुरतो. पायाशी कुणी नाही. चटईसुद्धा दबलेली नाही.

मूठ मात्र आवळलेली. उघडते. तांबडी माती, ओली, ताकाच्या वासाची. परसातली माती महिनाभर फावडं न लागता दगड झालीय.

उठून वैजूच्या दारावर थाप मारते.

“वैजे, केस बांध. फावडं काढ. ताक मी आणते, आणि आज आत येते.”

मी तिथंच उभी राहते, मूठ पुन्हा मिटून, माती वाळू नये म्हणून.