व्याह्यांचा कोळसा

आमच्या व्याह्यांइतका खरं बोलणारा माणूस जव्हार-मोखाड्यात दुसरा सापडायचा नाही. फक्त हा गुण त्यांना निवृत्तीनंतर जडला, एवढंच. त्याआधी तीस वर्षं ते खाली समुद्राकडच्या पट्ट्यात एका कागद कारखान्याच्या बॉयलर विभागात कारकून होते आणि महिन्याला किती कोळसा जळला याचा तक्ता भरून सरकारला पाठवत होते.

आता ते वर मोखाड्याकडे, सूर्यमाळला गावी असतात आणि सगळं मोजून सांगतात. उन्हाळ्यात पाड्यावर पाण्याचा टँकर आला, तर हे शिडीने वर चढले, आत काठी घातली आणि टँकर पाऊणच भरलाय असं चारचौघांत जाहीर केलं. टँकरवाला पुढचे दोन दिवस फिरकला नाही. त्यांच्या सत्यप्रीतीबद्दल पाड्यावरच्या बायका काय बोलल्या, ते मी मास्तर असल्यामुळे लिहीत नाही. जव्हारला आमच्याकडे आले की बायको विचारते, चहात साखर किती घालू? हे म्हणतात, "विहीणबाई, आधी चमचा दाखवा."

मागच्या वर्षी असेच आले असताना त्यांनी पेपर हातात घेतला. राज्यातल्या कारखान्यांच्या कोळशातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, याची बातमी होती. आकडा मोठा होता, शिवाय दशांश चिन्हापुढेही दोन अंक होते. मला त्या दोन अंकांचं फार कौतुक वाटलं. व्याह्यांनी मात्र कप खाली ठेवला.

"गुरुजी, या आकड्यात मी आहे," ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. कारखान्याचा वजनकाटा कायमचा बिघडलेला. त्यामुळे हे मागच्या महिन्याचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहायचे. पावसाळ्यात जरा वाढवायचे, कारण ओला कोळसा जड असतो. इतका शास्त्रशुद्ध विचार फार थोडे लोक करतात, असं मी म्हणालो. राज्य एवढं मोठं, त्यात एका कारखान्याचं काय, अशी समजूतही काढली.

"बाकीच्या कारखान्यांतही माझ्यासारखाच कोणीतरी बसला असेल ना," ते म्हणाले.

त्यांनी सरकारला खरं काय ते कळवायचं ठरवलं. माझी पंचाईत अशी, की त्यांच्या खुर्चीवर आता त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई बसायचा आणि तोच तक्ता भरायचा. खरं बोलावं हे मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण त्यात जावयाची नोकरी धरलेली नव्हती. सूर्यमाळला जाऊन मी व्याह्यांना त्यांचं वय, रक्तदाब, सगळं समजावलं. शेवटी लेकीला मध्ये घातलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आप्पा, लिहू द्या मामांना. तक्ता भरायचा दिवस जवळ आला, की रविवारी घरी येऊनही हे जेवत नाहीत." जावयाने तर पत्राखाली आपलीही सही केली.

पत्र रजिस्टरने गेलं. सरकारकडून उत्तर आलं. पर्यावरणाबद्दल आस्था दाखवल्याबद्दल आभार होते आणि सोबत झाडं लावण्याचा आग्रह करणारं एक रंगीत पत्रक होतं. सूर्यमाळच्या जंगलात राहणाऱ्या माणसाला ते फारच उपयोगी पडलं. पत्राची प्रत कारखान्यातही पोचली. वजनकाटा आठवड्यात दुरुस्त झाला, आणि इतक्या प्रामाणिक माणसाला टेबलाशी अडकवून ठेवणं बरं नव्हे म्हणून जावयाला कोळशाच्या आवारात, धुळीत काट्यापाशी उभं केलं. आता आकडा खरा जातो. आधीच्यापेक्षा बराच मोठा आहे म्हणे.

जावई रविवारी सूर्यमाळला घरी येतो. परवा मी तिथेच होतो. जेवून तो आत आडवा झाला, आम्ही ओट्यावर बसलो.

"गुरुजी, याचा खोकला वाढलाय का हो?" व्याह्यांनी हळूच विचारलं.

मी नाही म्हणालो. त्यांनी ते तसंच मान्य केलं आणि यंदाच्या नागलीच्या पिकाबद्दल बोलू लागले. आत जावई खोकला की व्याही वाक्य अर्धं सोडून थांबायचे, खोकला शमला की पुढे बोलायचे. मीही त्यांच्याबरोबर थांबत होतो.