आमचे सतरापात्री साडू

आमच्या साडूंइतका एकटा आणि त्यांच्याइतकी गर्दी करणारा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. अंबडला ते कारकून होते, पण खरा धंदा एकपात्री प्रयोगाचा. एकोणीसशे सत्तरनंतर पुण्या-मुंबईचे एकपात्री कलावंत जालन्यापर्यंत येऊ लागले. त्यातला एक प्रयोग साडूंनी पाहिला आणि आमच्या नातेवाइकांची शांतता संपली. त्याआधी ते चारचौघांसारखं नाटक करत. पण कुणी पाठांतर करीना, कुणी ऐन वेळी लग्नाला निघून जाई. शेवटी त्यांनी सगळ्यांना हाकललं आणि सतराच्या सतरा भूमिका स्वतःकडे घेतल्या. सोळा वाईट नट गेले आणि एक उरला, असं मी म्हणायचो. त्यांना ती स्तुती वाटे. नाट्यकलेचा इतिहासही त्यांनी सोयीने लावून घेतला होता. "शिकार करून आलेला पैला माणूस घरी काय करत आसंल? वाघ बी तोच, शिकारी बी तोच. दुसरा नट मंग आला, भांडायला!" कीर्तनकार आणि बहुरूपी हे तर त्यांचे थेट पूर्वज.

तालमीला जागा-वेळ लागत नसे. जालन्याच्या बसमध्ये ते सासऱ्याच्या आवाजात झापत आणि सुनेच्या आवाजात रडत. शेजारचा प्रवासी मुकाट्याने मागे जाऊन उभा राही. आमच्याकडे जेवायला आले की पाटलाच्या आवाजात भाकरी मागत आणि सुनेच्या आवाजात नको म्हणत. घरी बैठकीच्या फरशीवर खडूने सतरा गोल काढलेले. प्रत्येक पात्राचा गोल ठरलेला, पाय पडला की आवाज बदलायचा. गोल पुसले की साडूंची पात्रं हरवत. त्यामुळे अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी थोरली मेहुणी, वर्षानुवर्षं त्या गोलांच्या कडेकडेने झाडू मारत आली.

अक्काने प्रयोग मात्र एकदाही पाहिला नव्हता. "मला एकच नवरा झेपत न्हाई, सतरा कुठं बघू?" साडू हे हसण्यावारी नेत, पण पडदा सरकला की त्यांची नजर आधी बायकांच्या बाजूला जाई. तिने एकदा पाहावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. शेवटी त्यांनी तिच्या माहेरी, तीर्थपुरीलाच प्रयोग ठरवला. माहेरी ती कशी टाळणार? आली. आम्हीही गेलो, मी तर मुद्दाम.

साडूंनी दुपारीच फळ्यांच्या रंगमंचावर गोल आखले आणि चहाला गेले. गावचा जावई उघड्या फळ्यांवर कसा उभा करायचा, म्हणून गावकऱ्यांनी प्रेमाने वर भलंमोठं जाजम अंथरलं.

संध्याकाळी पडदा उघडला आणि साडूंनी खाली पाहिलं. पाटील मुरका मारू लागला. सासरा स्वतःच्याच पाया पडला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा काळजीने म्हणाला, "जावईबापू, आता तुमी कोण हाय?" मांडव हसला, मी सगळ्यांत मोठ्याने. साडू मधोमध थांबले. तोंड उघडं, आवाज एकाचाही नाही.

तेवढ्यात बायकांतून अक्का उभी राहिली. "पाटील डावीकडं! सून तिकडं, खांबापाशी. सासरा तुमच्या मागं हाय, वळा!" रोज झाडून झाडून तिला सतराही जागा पाठ झाल्या होत्या. ती सांगत गेली, साडू वळत गेले आणि प्रयोग शेवटापर्यंत गेला. टाळ्या पडल्या. कुणाला, ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये साडूंनी तिला विचारलं, "कसा वाटला?" हा त्यांचा स्वतःचा आवाज होता, मी तो विसरूनच गेलो होतो.

"सोळा बराबर करता," अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्या सुनेचा नवरा तेवढा कच्चा हाय. ती बोलून राह्यली, तर त्याचं ध्यानच न्हाई."

 साडू पुढे वाकून तिच्याकडे बघत राहिले, ती आणखी काही सांगेल म्हणून. टोमण्याची इतकी सुरेख संधी मी आयुष्यात सोडली नव्हती. पण माझ्या शेजारी माझी बायको बसली होती. नवरा म्हणून मी कसा वाटतो, असं मी तिला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं? अंबड येईपर्यंत मला विचारायचा धीर झाला नाही. साडूंना तो झाला, याचा मला त्या दिवशी खरोखर हेवा वाटला.