दुर्बिणीत न दिसणारी तार

कल्पना करा, माळावर तिपाई रोवून तुम्ही दुर्बिणीला डोळा लावला आहे. दूरवर एक माणूस मोजपट्टी धरून उभा आहे. पट्टीवरचे आकडे स्वच्छ दिसतात. पण त्याच्या पाठीमागचा खड्डा दिसत नाही, डोक्यावरची विजेची तारही नाही. तुम्ही हाताने खूण करता, "मागे, अजून मागे!" आणि तो तुमच्या भरवशावर उलटा चालू लागतो.

रस्त्याच्या मोजणीवर असणाऱ्या ताईंना हे पक्कं ठाऊक होतं. काम सुरू करण्याआधी त्या पट्टीवाल्या काकांना घेऊन रिकाम्या हातांनी जागेभोवती एक फेरी मारत. विहिरीचा काठ, मधमाश्यांचं पोळं, निसरडा बांध, जे दिसेल ते मोठ्याने बोलत. काका म्हणायचे, "जागा विकत घ्यायची आहे का, ताई?" सारखं "थांबा, थांबा" ऐकून त्यांनीच ताईंचं नाव थांबाताई पाडलं होतं.

त्या दिवशी मोजणी सरकत सरकत फेरी मारलेल्या जागेच्या पुढे गेली. नवी फेरी राहून गेली. काका खोलगट भागात उतरले, पट्टी तोकडी पडली. ताईंनी वाढवायची खूण केली. एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची ॲल्युमिनियमची पट्टी खणखणत वर सरकू लागली. आकडा दिसायला लागला, तेवढ्यात ताईंनी सवयीने डोळा बाजूला घेतला.

वर विजेची तार होती.

"थांबा! काका, थांबा!"

पट्टी वर जातच राहिली. ताई हात हलवत धावत सुटल्या. काकांनी पाहिलं, गोंधळले आणि पट्टी खाली घेतली.

"ऐकू नाही आलं का?" ताईंना धाप लागली होती.

"वाऱ्यामुळे, गं."

वारा ताईंच्या पाठीमागून काकांकडेच वाहत होता.

डबा खाताना ताई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "लोणचं द्या ना." काका जेवतच राहिले. ताई आपल्याकडे बघत थांबल्यात, हे मग त्यांच्या लक्षात आलं. घास तसाच हातात धरून ते म्हणाले, "झाली परीक्षा? आता ऑफिसात बसवून शिक्के मारायला लावशील."

"खूण तर मीच केली होती. काही झालं असतं, तर तुमच्या मुलीला काय तोंड दाखवलं असतं?"

दुसऱ्या दिवशी काही गोष्टी बदलल्या. जागा सरकली की नवी फेरी, आणि फेरीत धोके काका बोट दाखवून सांगणार. शिवाय ताईंकडे लाल झेंडा; तो दिसेल अशा जागीच काकांनी उभं राहायचं. कानाची तपासणी करून घ्यायचंही ठरलं. काका कुरकुरले, पण पहिल्याच फेरीत ताईंना न दिसलेला उघडा नाला त्यांनी दाखवला.

ताईंना मात्र एका गोष्टीचं उत्तर अजून मिळालेलं नाही. रोज एवढे धोके मोठ्याने बोलून दाखवणाऱ्या बाईला काकांनी आपल्या कानाचं का सांगितलं नाही? नोकरीच्या भीतीने, की तिच्या?