क्लिफर्डला काहीच होत नव्हतं

क्लिफर्ड अ‍ॅक्रॉइडने चौतीस वर्षं इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या डोंगरांतून बस चालवली आणि आजारपणाची एकही रजा घेतली नाही. हे थॉर्नबेक गावात इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्याच्या बायकोला, अ‍ॅव्हरिलला, ते वाक्य त्याच्या थडग्यावर कोरलेलंच दिसायचं. त्यातला एक आठवडा त्याने मोडक्या मनगटाने बस हाकली होती, हेही लोक कौतुकाने सांगत. मागे बसलेल्या उतारूंचं काय झालं असतं, हे मात्र कुणी विचारत नसे. गावच तसं. "कसा आहेस?" म्हणून विचारायचं आणि उत्तराला न थांबता पुढे चालायचं. उत्तर तरी काय, ठरलेलंच. घराला आग लागली तरी इथला माणूस सांगणार, जरा उकडतंय.

दोन वर्षांपूर्वी क्लिफर्डच्या जांघेत अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची, गाठ आली. त्याने टपालाने एक कंबरपट्टा मागवला, तो विजारीखाली आवळला आणि प्रश्न सुटला असं जाहीर केलं. डॉक्टरला का दाखवत नाहीस, असं अ‍ॅव्हरिलने दोनदा विचारलं. डॉक्टरला खरे आजारी लोक असतात, असं तो म्हणाला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. तीही त्याच गावची. नवऱ्याच्या मागे लागणारी बाई म्हणून नाव झालेलं तिला आवडलं नसतं.

दवाखाना ईस्टरसाठी गुरुवारी संध्याकाळी बंद झाला, तो मंगळवारी उघडणार होता. शुक्रवारी, गुड फ्रायडेला, गावच्या रीतीप्रमाणे क्लिफर्डने बटाटे लावले. उरलेली ओळ शनिवारी सकाळी लावताना त्याने बियाण्याचं पोतं उचललं, आणि तासाभराने तो राखेसारख्या तोंडाने स्वयंपाकघरात आला. मोरीत ओकला. मग पावडर टाकून मोरी घासून काढली, बायकोला त्रास नको म्हणून. तो खुर्चीत बसला, तेव्हा तिने त्याचा शर्ट वर केला. पट्ट्याच्या कडेने गाठ बाहेर आली होती, दगडासारखी कठीण. हात लावू देईना.

"मंगळवारी जाऊ," तो म्हणाला.

अ‍ॅव्हरिलने दवाखान्याला फोन लावला. दवाखाना बंद असताना कुठल्या नंबरवर बोलायचं, ते रेकॉर्ड केलेल्या आवाजाने सांगितलं. तो नंबर तिने लावला. पलीकडची मुलगी शांत होती, नीट विचारत होती. आधी नाव, मग वय, मग म्हणाली की आजारी माणूस शुद्धीवर असेल तर त्याच्याशीच बोललेलं बरं. अ‍ॅव्हरिलने फोन मोठ्या आवाजावर ठेवून त्याच्या हातात दिला, आणि चूक झाली ती तिथेच.

कारण क्लिफर्डने आधी त्या मुलीची माफी मागितली. सणासुदीला तुम्हाला कामाला लावलं म्हणाला. ओकलात का, असं तिने विचारलं. थोडंसं, म्हणाला. पोट फुगलंय का? जेवण अंगाशी आलं असेल. गाठीविषयी ती विचारायला लागली, तर ती जुनीच आहे, तिचं काही नाही, असं सांगून मोकळा झाला. बोलताना त्याच्या दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा असा धरला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"दहापैकी किती दुखतंय, मिस्टर अ‍ॅक्रॉइड? दहा म्हणजे अगदी असह्य."

"दोन," क्लिफर्ड म्हणाला. मग खोटेपणा नको म्हणून विचार करून म्हणाला, "अडीच."

अडीच म्हटल्यावर ती बिचारी काय करणार? ती कागदावर जे ऐकलं ते लिहिणार. तिने सांगितलं, औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला दाखवा, आणि वाढलं तर लगेच पुन्हा फोन करा. फोन ठेवून क्लिफर्डने बायकोकडे असं पाहिलं, जणू परीक्षेत पहिला आला होता.

औषधाचं दुकान दुपारी एकपर्यंतच उघडं होतं. साडेबाराला दोघं पोचली, तर पुढे तिघांची रांग. सर्वांत पुढे चर्चमधल्या मिसेस मकिन, डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल सविस्तर बोलत होत्या. मधला म्हातारा मागे वळला, क्लिफर्डचा रंग पाहिला आणि म्हणाला, पुढे जा हवं तर.

"नको, नको," क्लिफर्ड म्हणाला. "मला कुठे घाई आहे."

तो गोळ्यांच्या मांडणीला धरून उभा होता. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता आणि तो टिपायलाही त्याला मांडणीवरचा हात सोडवत नव्हता. आणि मिसेस मकिन थेंबांवरून सुनेवर आल्या होत्या. अ‍ॅव्हरिलने भोवती पाहिलं. सगळ्यांनी क्लिफर्डकडे न पाहण्याचं ठरवलं होतं. कुणाच्या दुखण्याकडे पाहणं असभ्य ना. माणूस मेला तरी चालेल, सभ्यपणे मरावा.

तिला वाटलं, हा इथे उभा राहून मरणार आहे, आणि आपला नंबर येईपर्यंत थांबून मरणार आहे. सत्तर वर्षांत तिने कधी रांग मोडली नव्हती. तिने मनात देवाची क्षमा मागितली आणि मिसेस मकिनच्या खांद्याला धरून त्यांना बाजूला केलं.

"बाई, तुमचे डोळे मंगळवारपर्यंत टिकतील," ती म्हणाली. "माझा नवरा टिकायचा नाही."

दुकानात कुणी तरी श्वास आत ओढला. क्लिफर्ड "अगं अ‍ॅव्हरिल, लोक आहेत" असं पुटपुटला. ते न ऐकता ती काउंटरमागच्या फार्मासिस्टशी, नसरीनशी, बोलली, सगळं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोन वर्षांची गाठ. टपालाने मागवलेला पट्टा. सकाळपासून चार वेळा ओकला. गाठ आत जात नाही. आणि फोनवर अडीच म्हणाला, ते तिने दोनदा सांगितलं.

नसरीन ब्रॅडफर्ड शहरातली, या डोंगरात येऊन तिला पाचच वर्षं झाली होती. पाच वर्षांत तिला गाव कळलं होतं. तिने क्लिफर्डला पडद्यामागे नेलं, एकदा पाहिलं आणि स्वतःच अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. आतडं अडकलंय, ताबडतोब या. किती दुखतंय, असं पलीकडून विचारलं असावं. "ते त्यांना विचारूच नका," नसरीन म्हणाली.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये उचलून ठेवताना क्लिफर्डने वजनाबद्दल माफी मागितली.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापावं लागलं. सर्जन तरुण होती आणि दमलेली होती. मंगळवारची गोष्टच सोडा, म्हणाली, उद्या सकाळपर्यंत थांबला असतात तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. अ‍ॅव्हरिल कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर जाऊन बसली. आधी तिने देवाचे आभार मानले. मग दोन वर्षांपूर्वी न विचारलेला तो तिसरा प्रश्न तिला आठवला, आणि त्याबद्दल तिने देवाला काही सांगितलं नाही. त्याला माहीत होतंच.

ईस्टरच्या रविवारी ती वॉर्डमध्ये गेली, तेव्हा क्लिफर्ड उशीला टेकून छताकडे बघत पडला होता. चेहरा अपमानाने लाल. त्याच्या डोक्यावरच्या पांढऱ्या फळ्यावर नर्सने त्याचं नाव लिहिलं होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: दुखतंय का, ते पत्नीला विचारा.

"पूस ते," तो म्हणाला. "येणारा जाणारा वाचतोय."

"वाचू दे," अ‍ॅव्हरिल म्हणाली आणि खुर्चीच्या पाठीवर कोट टाकून बसली. "आता बोल. किती दुखतंय?"

क्लिफर्डने शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"सात," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला.

अ‍ॅव्हरिल उठली आणि नर्सला जाऊन म्हणाली, नऊ.