न उघडलेला आहेर

ती साडी मी आजही शंभर साड्यांत ओळखीन. अंग जांभळं, काठ पोपटी आणि पदरावर सोनेरी आंबे, तेही उलटे टांगलेले. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, पण कुणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हणालं की डोळ्यांपुढे आधी तो पदर येतो.

तेव्हा मी बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि परीक्षा देत वर आलो, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. आमच्या ठाण्यात कागद कन्नडमध्ये, दमदाटी दखनीत आणि रडारड मराठीत चालायची. माझा बाप आठवडी बाजारात मेंढरं विकायचा. रुमालाखाली बोटं दाबून भाव व्हायचा. विकणारा खरं कधी बोलतो, हे मी तिथं शिकलो. गिऱ्हाईक पाठ फिरवून चालू लागलं, की तेव्हा. ट्रेनिंगमध्ये मला याहून उपयोगाचं काही शिकवलं गेलं नाही.

फिर्याद चिंताकीकडच्या एका गावातून आली. घर खाऊनपिऊन सुखी. घरातल्या मालकिणीला सगळं गाव मोठ्या अक्का म्हणायचं, मीही तेच म्हणतो. अक्कांची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची सर, कपाटातून गेली होती. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि ती सर मुलीच्या गळ्यात घालायची ठरलेली. कपाटाचं कुलूप शाबूत, दाराची कडी शाबूत. संशय कोणावर, असं विचारायच्या आत अक्कांनी उत्तर दिलं, "घरात परकी एकच हाय. सून."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. नाव नाही, गाव नाही.

"सायेब, त्यांची सून उदगीरला सराफाच्या दुकानात बसलेली आम्ही बघितलाव. तोंडावर पदर घेऊन."

आमच्या भागात खबरी तयार करावे लागत नाहीत. शेजारी पुरतात. दरोडेखोराबद्दल विचारा, कुणी काही पाहिलेलं नसतं. दुसऱ्याच्या सुनेबद्दल विचारा, तिनं पदर कुठल्या खांद्यावरून घेतला तेसुद्धा सांगतील.

चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. मी महिला कॉन्स्टेबल घेऊन गेलो. सून ज्वारी निवडत बसली होती. उठली, पाणी दिलं आणि पुन्हा सुपापाशी बसली. नवरा दारात उभा. आईकडे बघायचा, बायकोकडे बघायचा आणि शेवटी चपलेकडे.

"उदगीरला सराफाकडं गेली होतीस?" मी आवाज चढवून विचारलं. माझा आवाज चढवावा लागत नाही, तो तसाच आहे.

"गेलते की. कानातल्याची फिरकी पडली. ही बघा नवी." तिनं कान पुढं केला. "सायेब, माझी पेटी उघडा, गादी फाडा. पण आधी अक्कांना इचारा, एकदाणी कपाटात ठिवलती म्हंजे कुठं ठिवलती? कपाटात मी रोज कापडं ठिवते. मला तर कधी दिसली न्हाई."

चोर असा प्रश्न विचारत नाही. चोराला जागा माहीत असते.

तेवढ्यात आतून अक्का म्हणाल्या, "हिच्या बापाला बोलावलंय. रविवारी येऊन घेऊन जाईल. लग्नाच्या मांडवात मला चोर नको."

सुनेचे हात सुपात थांबले. "चोर म्हणून म्हायेरी गेले तर परत येणं न्हाई, सायेब," ती हळू म्हणाली. "तिथं माझी बहीण लग्नाची हाय. तिला कोण करून घेईल?"

रविवार जवळ होता. मी अक्कांसमोर खुर्ची घेतली.

"एकदाणी कपाटात नेमकी कुठं?"

"कपाटात."

"वर की खाली?"

"कपाटात म्हणलं की."

दोनदा, तीनदा विचारलं. माझं डोकं तापलं. मग बाप आठवला. मी डायरी मिटली, टोपी घातली आणि दाराकडे निघालो. "चला. फिर्यादी जागा सांगत नाही, केस बंद. एकदाणी नव्हतीच, असा रिपोर्ट पाठवतो."

उंबऱ्यापाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली. "थांबा की, सायेब! लगेच कामून राग येतो तुम्हाला?"

सगळ्यांना बाहेर काढून अक्कांनी माझ्याशी सौदा केला. त्या खरं सांगतील, पण मी ते सुनेला सांगायचं नाही. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार नव्हे, हे बाजारातल्या माणसाला कळतं, अक्कांना कळलं नाही.

गोष्ट अशी होती. लग्नात विहिणीचा मान म्हणून सुनेच्या आईनं अक्कांना एक साडी दिली होती. तीच ती, उलट्या आंब्यांची. सून दर सणाला विचारायची, "अक्का, आईनं दिलेली साडी कामून नेसत न्हाईत?" आणि अक्का म्हणायच्या, "जपून ठिवलीय." खरं म्हणजे ती साडी पाहिली की त्यांना शिसारी यायची. पण बाई हुशार. ज्या साडीला आपण हात लावत नाही तिला चोरही हात लावणार नाही, असा हिशेब करून त्यांनी एकदाणी त्या साडीच्या घडीत, आतल्या पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवली. आता साडीच नव्हती. सुनेनं आईच्या साडीसकट सोनं लांबवलं, असं त्या धरून चालल्या होत्या.

मी ओसरीवर आलो. अक्कांचे मालक, अप्पा, सुपारी कातरत होते.

"अप्पा, कपाटातून एखादी साडी तुम्ही काढली होती का?"

"व्हय. एक दिलो की. निर्णा गावच्या लग्नात. ही बाई गावाला गेलती, आहेर तर करावाच लागतो."

"जांभळी?"

"रंग कोण बघतंय? साडी होती."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई की. चोरी सोन्याची झाली म्हणलाव. साडीचं नाव कुठं काढलाव?"

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. आमचा तपास आता सोन्याचा राहिला नव्हता, आहेराचा झाला होता. ज्यांना आमच्याकडचा आहेर माहीत आहे त्यांना सांगायला नको. इथं आहेराची साडी नेसायची नसते. ती घडी न मोडता पुढच्या लग्नात द्यायची असते. काळजी एकच, जिच्याकडून आली तिच्याच घरी परत जाऊ नये. बाकी ती किती घरं फिरते ते तीच जाणे.

निर्ण्याला ज्या घरी लग्न झालं होतं तिथल्या बाईंनी मला ताक दिलं आणि साडीचं नाव काढताच चेहरा फुलवला.

"लई भारी साडी! दोनदा नेसले मी."

"दाखवा."

"धुवायला टाकलीय."

"ओली दाखवा."

"ओली बी न्हाई, सायेब. फॉल लावायला दिलीय."

"दोनदा नेसली आणि फॉल आता?"

चाकू दाखवल्यावर खुनी कबूल होतो, हे मी पाहिलं आहे. पण आहेराची साडी पुढं सरकवली, हे कबूल करायला या बाईंना माझ्या ताकाचे तीन पेले लागले. शेवटी महिला कॉन्स्टेबल म्हणाली, "वहिनी, माझ्या घरीबी अशा साड्यांचा गठ्ठा हाय. सांगा, कुणाला दिलाव?" तेव्हा बाईंनी पदर तोंडाला लावला आणि हसू लागल्या. "नणंदेला. कलबुर्गीला. तिला बी आवडली न्हाई म्हणा, तोंडावरून कळालं."

कलबुर्गीची नणंद शिकलेल्या घरातली. नवरा कॉलेजात शिकवणारा. त्यांनी मला सोफ्यावर बसवून सांगितलं, "इन्स्पेक्टरसाहेब, आम्ही तत्त्व म्हणून आहेर घेत नाही आणि देत नाही."

"जांभळी साडी," मी म्हणालो.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे.

"उलटे आंबे," मी म्हणालो.

"अय्या, ती!" बाई बोलून गेल्या. मग सगळं बाहेर आलं. तशी साडी उघडी कशी द्यायची, म्हणून त्यांनी ती चकचकीत कागदात बांधली, वर रिबिनीचं फूल चिकटवलं आणि एका साखरपुड्यात दिली. कुठं? तर लांबच्या नात्यातल्या एका घरी. चिंताकीकडे. मोठ्या अक्कांच्या मुलीच्या साखरपुड्यात.

मी सोफ्यावरून उठलोच. एकदाणी अक्कांच्याच घरात परत आली होती आणि कागदाखाली साडी दिसत नसल्यानं अक्कांनी ते पुडकं आलं तसं आहेरांच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. आणि तो दिवस रविवार होता. सुनेचा बाप तिला न्यायला आलेला असणार.

आमच्याकडे सुनेला चोर ठरवून घालवतील, पण व्याह्याला रिकाम्या हातानं पाठवणार नाहीत. नारळ देतील, कुंकू लावतील आणि विहीणबाईसाठी गठ्ठ्यातलं एक पुडकं देतील. त्यातलं सगळ्यात झकपक कोणतं असेल? रिबिनीचं. ते पुडकं माहेरी जाऊन उघडलं असतं तर चोरीचा माल आरोपीच्या बापाच्या घरात मिळाला असता. जगातल्या कुठल्या कोर्टात मी तिला सोडवणार होतो?

अक्कांना फोन करावा, असं कुणीही म्हणेल. मी केला नाही. त्यांनी गुपचूप पुडकं फोडलं असतं, एकदाणी कपाटात 'सापडली' असती आणि सून गावात संशयितच राहिली असती. सापडलेल्या सोन्यानं डाग जात नाही, सर्वांसमोर सापडावं लागतं. मी अप्पांना फोन लावला.

"अप्पा, व्याही आले का?"

"आलेत. निघालेत आता."

"जेवल्याशिवाय सोडू नका."

"सायेब, इथं भांडण चालू हाय."

"भांडण जेवून करा. उपाशी पाठवलं तर गाव काय म्हणेल?"

हे वाक्य आमच्या भागात अटक वॉरंटापेक्षा जास्त चालतं. मी जीप दामटली. पोचलो तेव्हा ओसरीवर पंगत उठत होती. दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती, पण वाढप मात्र आग्रहाचं झालं होतं. सून पिशवी घेऊन खांबाला टेकून उभी. बापाच्या कपाळाला कुंकू, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात रिबिनीचं पुडकं. अक्कांनी नुकतंच दिलेलं.

"ते खाली ठेवा," मी म्हणालो. "दोन पंच बोलवा."

"आता आमच्या आहेराचा बी पंचनामा?" बाप चिडला.

"हो. कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेलं, सगळ्यांनी पाहिलं ना?"

सगळ्यांनी पाहिलं होतं. पंचांसमोर कागद फाडला. आधी जांभळा रंग बाहेर आला. अक्का म्हणाल्या, "आगं बया!" सुनेचा बाप म्हणाला, "ही तर आमच्या बाईनं घेतलेली!" आपण दिलेली साडी आपल्यालाच परत, याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. त्याचा हात नारळावर आवळला. तो फेकायच्या आत मी घडी झटकली. पुठ्ठ्यावरून एकदाणी सुटली आणि ओसरीच्या फरशीवर पडली.

अप्पांचा अडकित्ता तेवढा वाजला.

"लिहा सायेब," सून म्हणाली. "कुणाच्या हातून निघाली, ते बी लिहा."

बाप म्हणाला, "चल बाळ. आता ताठ मानेनं जाऊ."

"आता कामून जाऊ?" तिनं पिशवी आत ठेवली. मग अक्कांपुढं उभी राहिली. "अक्का, एकदाणी तुमची. साडी मला द्या. माझ्या आईनं हौसेनं घेतलती."

अक्कांनी दोन्ही हातांनी दिली. त्यांच्या तोंडून शब्द आला नाही. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात तो पहिलाच प्रसंग असावा.

आता माझी तक्रार. गुन्हा घडलाच नाही, म्हणून केसमध्ये बी-रिपोर्ट, म्हणजे केस बंद केल्याचा अहवाल, गेला. चोर नाही म्हणून तपास नाही, तपास नाही म्हणून बक्षीस नाही. वरचे साहेब म्हणाले, "एका साडीसाठी सरकारी डिझेल जाळलं?" त्याच महिन्यात त्यांचा सत्कार झाला, दुसऱ्यानं धरलेल्या चोरासाठी. मी कलबुर्गीहून एक दिवस उशिरा निघालो असतो, तर मुद्देमाल माहेरी मिळाला असता, सून आत गेली असती आणि माझ्या छातीवर पदक असतं. हा हिशेब मी आजही करतो आणि प्रत्येक वेळी संतापतो. पण निघायला उशीर करायला हवा होता, असं एकदाही वाटलेलं नाही.

त्या केसनं मला एवढं शिकवलं की माणूस पाप लपवण्यासाठी जितकं खोटं बोलतो त्याच्या दसपट खोटं तो चिक्कूपणा लपवण्यासाठी बोलतो. तपासात आधी लाज शोधावी, गुन्हा तिच्या शेजारी बसलेला असतो. नसला तर उत्तमच.

मुलीच्या लग्नाला मला सपत्नीक बोलावणं होतं. मांडवात निर्ण्याच्या बाई होत्या, कलबुर्गीचे प्राध्यापक सपत्नीक होते, सुनेची आई पहिल्या रांगेत होती. आणि वाढायला आली सून, जांभळी साडी नेसून, पोपटी काठ झळकावत. उलट्या आंब्यांचा पदर तिनं मुद्दाम पुढून घेतला होता. पंगतीतल्या कितीतरी बायकांनी एकाच वेळी माना खाली घालून भाताकडे पाहिलं. साडीची गोष्ट गावभर झाली होती, ओळख सगळ्यांना पटली होती. सुनेची आई तेवढी शेजारणीला सांगत होती, "बघा, खुलून दिसतीया की न्हाई?"

आणि खरं सांगतो, नेसल्यावर ती साडी वाईट दिसत नव्हती.

मग माझा सत्कार. अक्कांनी प्लॅस्टिकमधली शाल हातात दिली. मी तिथंच ती फोडली, उलगडली, झटकली आणि घडीत बोटं घालून पाहिलं.

"काय बघायलाव, सायेब?" अक्कांनी विचारलं.

"काही राहिलंय का, ते."

सगळ्यांत आधी सून हसली, मग अक्का, मग सगळा मांडव. मी ती शाल भर उन्हाळ्यात अंगावर घेऊन जेवलो. ती आजही माझ्याकडे आहे, कुणाला दिलेली नाही.

पुढं वरच्या साहेबांच्या निवृत्तीला मी शाल दिली ती दुसरी. चकचकीत कागदात, रिबिनीच्या फुलासकट, जशी आली होती तशीच. आत काय होतं ते मीही पाहिलेलं नाही.